न चाखलेलं दही

बेंबळीत नागम्माच्या दह्याचं कौतुक करणारी पुष्कळ घरं होती. पण त्या दह्याची चव कशी असते, हे खुद्द नागम्माला कित्येक वर्षांत ठाऊक नव्हतं. दही लागलं का, हे ती गाडगं जरासं कलतं करून बघायची. आंबट झालं का, हे वासावरून ओळखायची. लोणी काढताना बोटांना चिकटलेलं ती चाटायची नाही, म्हशीच्या पाठीवर पुसायची. त्यामुळं म्हैस नव्या नवरीसारखी तुकतुकीत होती. नागम्माच्या स्वतःच्या टाचांच्या भेगांना मात्र त्यातलं बोटभर कधी लागलं नाही.

कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मला न्हाय पचत." आणि कोऱ्या चहाची सवय झाली की दुधाच्या चहाचा वाससुद्धा नको वाटतो, असंही सांगायची. दोन्ही खोटं होतं. शेजारच्या इरम्माकडं दुधाचा चहा उकळायला लागला की नागम्मा काहीतरी काम काढून परसात जायची.

खरी गोष्ट अशी होती की, धाकटा नंदीश पोलीस भरतीच्या तयारीला लागला त्या वर्षी ती सोनारीला गेली होती आणि काळभैरवापुढं हात जोडून बोलली होती, "माझा नंदीश पोलिसात लागू दे. तोवर दूध, दही, ताक, तूप, काही काही माझ्या जिभेला लावायची न्हाय." बोलताना तिला वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे. बाहेर आल्यावर हातातला प्रसादाचा पेढा तिनं तिथल्याच एका माकडाला दिला. माकडानं तो दोन्ही हातांनी धरून, सावकाश खाल्ला. इतकं मन लावून पेढा खाताना तिनं त्याआधी माणूससुद्धा पाहिलं नव्हतं.

हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. नवरा वारलेला. थोरली शिवरंजनी लग्न होऊन उमरग्याला. नंदीशला सांगितलं तर त्याच्या घशाखाली दूध उतरणार नाही, हे तिला कळत होतं. आणि ते उतरणं तर फार गरजेचं होतं.

"अव्वा, आपण अंडी खात न्हाय," नंदीश मोबाइलमध्ये बघून सांगायचा. "मग आपलं प्रोटीन म्हणजे हेच. व्यायाम झाला की दही, दुपारी पनीर, झोपताना दूध."

नागम्मानं प्रोटीन हा शब्द इतका पाठ केला की इरम्मानं ताक मागितलं तर ती म्हणायची, "घिऊन जा, पण प्रोटीन काढून घेतलंय त्यातलं." जुन्या लुगड्याचा पदर फाडून त्यात ती दही टांगायची. चक्का झाला की तो नंदीशला, आणि खाली गळालेलं पाणीही नंदीशला, कारण त्यातही काहीतरी असतं असं मोबाइल म्हणाला होता. पोरगं फुगत गेलं. दंड असे झाले की शर्टाच्या बाह्या उसवून द्याव्या लागल्या. उसवताना नागम्मा तोंडानं कुरकुर करायची आणि मनातून अशी खूश असायची की सुई बोटात गेली तरी तिला कळायचं नाही.

दवाखान्यातल्या ताईंनी तिला हाडांच्या गोळ्या दिल्या होत्या. पाठ वाकायला लागली होती, पायात गोळे यायचे. गोळ्यांत दूध नाही, हेही ताईंनी सांगितलं होतं. नागम्मानं त्या कुटल्या आणि म्हशीच्या पेंडीत मिसळल्या. म्हशीला गेलं की दुधात उतरतं, दुधात उतरलं की पोराला पोचतं, असा तिचा सरळ विचार होता. पुन्हा गोळ्या मागायला गेली तेव्हा ताई म्हणाल्या, "फरक पडला का?" नागम्मा म्हणाली, "लई फरक हाय." तिनं म्हशीबद्दल सांगितलं होतं.

मग या श्रावणात म्हशीनं नुसती मान हलवली. मारलं नाही, ढकललं नाही, माशी हाकलावी तशी मान हलवली. नागम्मा गोठ्यातल्या फरशीवर बसल्यासारखी पडली आणि तिला उठता येईना.

धाराशिवला खुब्याच्या हाडात सळई घातली. डॉक्टरीण लहान वयाची होती. तिनं नागम्माची मांडी दाबून बघितली, मग दुसरी बघितली.

"आजी, हाड आम्ही बसवलं. पण त्याला धरून ठेवायला मांस कुठंय? दूध-दही खात नाही का?"

"आजी कुणाला म्हणती गं," नागम्मा म्हणाली. पण डॉक्टरणीनं ते मनावर घेतलं नाही. दही, दूध, पनीर रोज, आणि रोज उभं राहून पाय टाकायचे, असं तिनं सांगितलं. पुढचं ती बाहेर जाऊन नंदीशला सांगत होती. पण दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. "ताकद आली नाही तर अंथरूण धरतील. या वयात अंथरूण धरलं की बाया फार दिवस काढत नाहीत, दादा."

घरी आणल्यावर शिवरंजनी आली. तिनं पहिल्याच दिवशी वाटीत दही घेतलं, साखर घातली आणि चमचा आईच्या तोंडापाशी नेला. नागम्मानं तोंड मिटून घेतलं. लहान पोरं घेतात तसं. रुसवा झाला, धाक झाला, शेवटी शिवरंजनी रडायला लागली तेव्हा नागम्माला नवस सांगावा लागला.

नंदीश चौकटीत उभा होता. दार त्याच्यामुळं भरून गेलं होतं. ऐकल्यावर त्याला आपले हात कुठं ठेवावेत तेच कळेना. मागं बांधले, पुढं घेतले, मग काखेत घातले.

"देव काय तुझी वाटी बघत बसलाय का गं अव्वा?" शिवरंजनी म्हणाली. "खा तू. काय हुईल ते माझ्यावर."

"तुझ्यावर न्हाय येत, माझ्यावरबी न्हाय येत. ज्याच्यासाठी बोलले त्याच्यावर येतं," नागम्मा म्हणाली. "माझ्यावर येणार असतं तर कवाच खाल्लं असतं. या वर्षी भरती निघू दे, मग खाते."

नंदीश खाली बसला. खाटेच्या माचव्याला हात लावून म्हणाला, "भरती निघंल अव्वा. माझं वय निघून गेलंय."

"कवा?"

"दोन वर्षं झाली."

नागम्मानं उशीवरची मान त्याच्याकडं वळवली.

"मग पहाटं मैदानावर जायचास ते?"

"जायचो. पोरांचं पळणं बघत बसायचो. जरा व्यायाम करायचो."

"आणि आल्यावर दही खायचास."

"तू वाटी घिऊन दारात उभी असायचीस," नंदीश म्हणाला. "काय सांगणार."

शिवरंजनीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आवाज मोठा झाला, त्याला लागलं काही नाही. लागण्यासारखी पाठच ठेवली नव्हती आईनं.

"मारू नको त्याला," नागम्मा म्हणाली. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. एखादं काम आपल्याच्यानं होणार नाही असं कळल्यावर माणूस बोलतं तसं ती म्हणाली, "मग आता हा नवस फिटायचा न्हाय. ऱ्हाऊ दे ती वाटी."

त्यानंतर तिनं उभं राहायचा प्रयत्नही सोडला. शिवरंजनी तेल लावायची तेव्हा मांडी हातात मावायची. नंदीश तिला न्हाणीत न्यायला उचलायचा तेव्हा एका हातावर उचलायचा, कळशी उचलावी तशी. त्याच्या दंडावर डोकं टेकलं की तिला दगडाला टेकल्यासारखं वाटायचं. तेवढ्यापुरता तिला आपल्या कामाचा अभिमान वाटायचा, आणि मग आठवायचं.

एका सकाळी नंदीश न सांगता मोटारसायकल काढून गेला. परतला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कपाळाला अंगारा होता. थोडा त्यानं तिच्या कपाळाला लावला.

"सोनारीला गेलतो. पुजाऱ्यांना सगळं सांगितलं."

"काय म्हणले?"

"म्हणले, ज्या कामासाठी बोलली ते कामच संपलं, तर बाईला उपाशी ठिऊन देवाला काय मिळायचंय. पण बोललेला शब्द नुसता टाकून देता येत न्हाय. घरातल्या कुणीतरी तो उचलायचा."

"कुणी उचलला?"

तिच्या उशाशी कोऱ्या चहाचा कप होता, अर्धा प्यालेला, गार झालेला. तो नंदीशनं उचलला आणि प्याला. तोंड वाकडं केलं.

"हे कसं पीत हुतीस गं तू?"

नागम्मानं त्याचं मनगट धरलं. "कुठवर बोललास?"

"तू तुझ्या पायानं सोनारीला येऊन देवापुढं उभी राहशील तोवर."

"डॉक्टरीण काय म्हणली ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग मी न्हाय उठले तर?"

"तर न्हाय," नंदीश म्हणाला.

लबाड कुठला, असं ती म्हणाली, आणखीही पुष्कळ म्हणाली, मराठीत म्हणून झाल्यावर माहेरच्या कन्नडातही म्हणाली. शिवरंजनी वाटी घेऊन आली. या वेळी नागम्मानं तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी काहीतरी गोड, गार, आठवणीतलं जिभेवर येईल असं तिला वाटलं होतं. आलं ते नुसतं आंबट.

"कसलं लावलंस गं हे?" ती म्हणाली. "विरजण किती घातलंस?" आणि वाटी संपवली.

पोटानं पहिले काही दिवस ते ठेवून घेतलं नाही. ढवळायचं, उलटून पडायचं. तोंड पुसून ती परत वाटी मागायची. मग हळूहळू टिकायला लागलं. वॉकर धरून ती खाटेपासून उंबऱ्यापर्यंत जायला लागली. एक पाय आखूड झाला होता, तो टेकताना आतून कळ यायची. उंबरा ओलांडणं जमत नव्हतं. सोनारी तर उंबऱ्याच्या पलीकडं होती.

नंदीश धाराशिवच्या बाजारात पोती उचलायला जायला लागला. भाकरी, डाळ, चटणी आणि कोरा चहा. हरभरे भिजवून खायचा, पण पोती तेवढ्यानं ऐकत नव्हती. नागम्माला त्याचं उतरणं त्याच्याआधी दिसलं, कारण चढणंही तिनंच आधी पाहिलं होतं. आधी मान गेली. मग छाती. दिवाळीच्या दिवशी तो शर्ट घालून पुढं आला तेव्हा तिनं उसवून दिलेल्या बाह्या हाताभोवती लोंबत होत्या.

"आण इकडं, टाके घालते," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, वारं लागतं," नंदीश म्हणाला.

त्याच दिवशी त्यानं तिला न्हाणीत न्यायला उचललं. दोन हातांनी उचललं. मधल्या दारापाशी तो थांबला, पाठ भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या छातीतली धडधड तिच्या कानाला लागत होती.

परत आणून खाटेवर ठेवल्यावर तो तिथंच बसला. दंड चोळत. शिवरंजनीनं दही आणलं. नागम्मानं खाल्लं आणि रिकामी वाटी पुढं केली.

"आत्ताच खाल्लंस की, अव्वा. पोट दुखंल."

"वाढ."

शिवरंजनीनं वाढलं. नागम्मानं नंदीशच्या दंडावरची नजर काढली नाही, आणि औषध गिळावं तसं ती खात राहिली.