पाणीवालीचं अपील

“हे पाणी की लोणच्याचा खार?” हेडक्लार्क पुटपुटले आणि त्यांनी खिडकीतून चूळ टाकली.

खिडकीखाली जिजाबाई अंगण झाडत होती. चूळ तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडली.

“भरतीला जवळच्या विहिरीत खार उतरतोच, साहेब,” आतून दाजी शिपायाचा आवाज आला. “पंचायतीच्या विहिरीचं गोड असतं, पण ती पडली लांब. माझी कंबर काय आता तरणी राहिलीय?”

“बरं बरं. चालवून घेऊ.”

चालवून घेऊ! जिजाबाईने खराट्याचा एक फटका जरा जास्तच जोरात मारला. दोन वर्षं ही माणसं मचूळ पाणी पीत होती, वर चहा बिघडतो म्हणून दाजीवर डाफरत होती. आणि सरकारने पगार देऊन नेमलेली पाणीवाली खिडकीखाली धूळ उडवत होती.

भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरांवर देखरेख करणारी ती छोटीशी सरकारी कचेरी. जिजाबाईचा नवरा बाळाराम तिथे पहारेकरी होता. पासष्ट साली काविळीने गेला. त्याच्या मागे बायकोला नोकरी मिळाली, हुद्दा पाणीवाली. पहिल्या दिवशी ती घरून चिंचेने घासून लखलखीत केलेला हंडा डोक्यावर घेऊनच आली होती. हेडक्लार्क खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. तेवढा मान तिला पुन्हा कधी मिळाला नाही.

“अरे अरे, बाईमाणसाने एवढं वजन उचलायचं? छे छे! दाजी, पाण्याचं तू बघ. बाई, तुम्ही आपलं अंगण सांभाळा. सौम्य काम.”

सौम्य काम म्हणजे अंगण, गटार, आणि महिन्यातून दोनदा आगरावरून नमुन्याच्या मिठाची गोणी डोक्यावरून आणणं. गोणी हंड्याच्या दुप्पट जड. पण गोणी उचलताना ती बाईमाणूस आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

टायपिस्ट मंदा तेवढी मनाने मऊ. दुपारचा चहा ती स्वतः ओतायची. जिजाबाईचा कान तुटलेला कप मागच्या कोनाड्यात असायचा. किटली हातभर उंच धरून मंदा म्हणायची, “मनाला लावून घेऊ नका हो, जिजाबाई.” काय लावून घ्यायचं नाही, ते ती कधी सांगत नसे. चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडे.

दोन वर्षं भरली तशी कायम करण्याची वेळ आली आणि कागद निघाला. ‘सदर कर्मचारी बाईंनी पाणीवाली या पदाचे काम दोन वर्षांत एकदाही केलेले नाही. सबब त्या कायम होण्यास अपात्र असून त्यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

जिजाबाई चौथी शिकलेली होती. तिने तो कागद तीनदा वाचला. हात बांधायचे आणि वर जेवली नाही म्हणून ताट काढून घ्यायचं! घरी दोन मुली शाळेत जाणाऱ्या. नोकरी गेली की पुन्हा रोजंदारीवर आगरात उतरायचं. तिच्या सासूचे पाय मिठाने फुटून फुटून शेवटी वहाणेत मावेनासे झाले होते. सरणावरही ते पाय धड जळले नाहीत, असं लोक सांगायचे.

तिने भेदभावाची तक्रार केली. उत्तर आलं: स्त्री असल्याने दयाबुद्धीने सौम्य काम दिले, भेदभाव आढळत नाही. मग बाळारामचा दोस्त सदू तिला अपील लिहून द्यायला बसला. सदू गिरणीच्या युनियनमध्ये होता. त्याला अर्जांची भाषा येत होती.

“वहिनी, अर्जात जातीचं नाव नको. ते वाचलं की वरचे म्हणतात, बाई भांडखोर. आपण लिहू, ‘काही कारणास्तव काम करू दिले नाही.’”

“कसल्या कारणास्तव, ते नको लिहायला?”

“ते काय, सगळ्यांना कळतंच.”

अपील वर जायचं ते योग्य मार्गाने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातून. हेडक्लार्कांनी तो अर्ज चिमटीत धरला, उंदीर धरावा तसा, आणि टेबलाच्या टोकाला ठेवला. पोच मिळेपर्यंत जिजाबाई दाराशी उभी राहिली. सकाळी उभी राहिली ती जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी उभीच. शेवटी मंदाने कुणाकडे न बघता शिक्का मारून दिला.

तीन आठवड्यांनी मुंबईहून वरचे साहेब सुनावणीला आले. सदू सुट्टी काढून दाराशी येऊन उभा राहिला. मंदा वही घेऊन टिपायला बसली.

“सर, केवळ माणुसकी हो,” हेडक्लार्क म्हणाले. “हंड्याचं वजन बघा. बाई विधवा, नाजूक...”

“नाजूक?” साहेबांनी जिजाबाईच्या दंडांकडे पाहिलं. “बाई, हंडा झेपतो तुम्हाला?”

“झेपतो.”

“मग अडचण काय?”

दाजी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “मी आपला मदत म्हणून भरतो, साहेब. पहिल्यापासून तशी पद्धत पडलीय.”

“कसली पद्धत?”

“पद्धत म्हणजे... सोय, साहेब.”

“अर्जात लिहिलंय काही कारणास्तव. कोणतं कारण?” साहेबांनी हे विचारलं खरं, पण लगेच घड्याळाकडे पाहिलं. उत्तराची त्यांनाच भीती वाटत असावी. “असं करू. गैरसमजातून झालं, असं मी लिहितो. बाईंना सहा महिने मुदतवाढ. तोवर आपसात जमवून घ्या. काय हेडक्लार्क?”

“अगदी योग्य, सर!”

दाराशी सदू मान हलवत होता, घ्या वहिनी, घ्या. मंदा कधी नव्हे ते हसली. दाजीने सुस्कारा सोडला. खोलीतल्या सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. सगळ्यांचे ते सैलावलेले चेहरे जिजाबाईने एकेक करून पाहिले. सहा महिने गटार उपसायचं, गोण्या वाहायच्या, आणि मग पुन्हा तोच कागद: काम केलेले नाही, सबब अपात्र. आणि तोवर हे सगळे तिच्याशी गोडच बोलणार होते.

“मुदत नको, साहेब,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दोन वर्षांत हंड्याला हात लावू दिला नाही. सहा महिन्यांत कोण लावू देणार?”

“वहिनी!” सदू दबक्या आवाजात म्हणाला.

“थांबा भाऊजी. कारण विचारलंय ना त्यांनी? मी महाराची. बुद्ध झालो आम्ही, तरी यांच्या लेखी महाराचीच. माझ्या हातचं पाणी यांना विटाळलेलं वाटतं. म्हणून मला भरू देत नाहीत, आणि भरत नाही म्हणून काढून टाकतायत. लिहा मंदाताई, मी बोलले तसंच लिहा.”