डिस्कवरचे ठिपके

साडेआठ वाजले होते आणि आत्याच्या ब्रेल छापखान्यातला कॉम्प्युटर चौथ्यांदा तेच रडगाणं गात होता: मूळ डिस्क सापडत नाही. साडेदहाला शाळेची गाडी येणार होती. चौदा अंध मुलींची बारा वाजता परीक्षा होती आणि त्यांचे पेपर अजून छापायचे होते.

"कालच बसवलेली ती नवी डिस्क काढली की हा मुकाट सुरू होईल," मी म्हणाले.

"आणि पेपर?" आत्याने विचारलं.

तिने काल बोटांनी तपासून दिलेल्या पेपरची फाइल आतोबांनी नेमकी नव्या डिस्कवर ठेवली होती, आणि ती मागाहून जोडायची सोय या जुन्या खोक्यात नव्हती. आल्याआल्या मी आतोबांवर भरपूर तोंडसुख घेतलं होतं. बॅकअपसाठी दुसरी डिस्क घ्या म्हणून वर्षभर भुणभुण मीच लावली होती, पण ते आठवायला मला सवड नव्हती. ते बिचारे कोपऱ्यात पुसलेलाच स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसत होते.

"पेपर नसला तर वाचून दाखवायला कुणालातरी बसवतील," आत्या म्हणाली. "मला तसंच बसवलं होतं. बाईंनी घाईत सातवा प्रश्न गाळला. मला कळलं ते निकालानंतर."

ती हे सहसा बोलत नाही. मला स्वतःचाच राग आला. मी पाचव्यांदा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"हा आपली डिस्क ओळखतो कशावरून?" आत्याने विचारलं.

"नंबरावरून. जी आधी जागी होईल ती पहिली. पहिली ती आपली."

"आणि काल?"

"काल जुनी आधी उठली असेल. आज नवी उठतेय."

"असं ओळखायला त्याला सांगितलं कुणी?"

मीच. 'पहिली डिस्क घे' ही ओळ मी तीन वर्षांपूर्वी लिहिली होती. तेव्हा डिस्क एकच होती, म्हणून चाललं.

"तुझ्या आतोबांनी एकदा डबे पुसून उलटेसुलटे लावले," आत्या म्हणाली. "दोन दिवस मी चहात मीठ घातलं. तेव्हापासून डब्यावर ठिपके. कुठेही ठेवा म्हणावं."

ठिपके डिस्कवरही असतात. तयार करतानाच प्रत्येकीला बत्तीस अक्षर-आकड्यांची स्वतःची ओळख मिळते, आणि ती जागा बदलली तरी बदलत नाही. अडकलेल्या कॉम्प्युटरने तेवढं दाखवण्याची मेहेरबानी केली. मी जुन्या डिस्कची ओळख वाचत गेले, आत्या जाड कागदावर टोच्याने उमटवत गेली. मग मी पुन्हा बटण दाबलं आणि सुरू होताना दिसणाऱ्या यादीतली माझी ती ओळ उघडली. 'पहिली डिस्क' खोडलं. ओळख आता पडद्यावर नव्हती; आत्या कागदावर बोट फिरवत एकेक अक्षर सांगू लागली. मी घाई केली की ती थांबायची.

"नीट टाइप कर. मी कुठे जात नाहीये."

शेवटचं अक्षर टाइप करून मी एंटर दाबलं. पडदा काळा झाला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग छापखान्याचं नेहमीचं पान उघडलं.

पुढच्या वेळी पंचाईत नको म्हणून ती ओळ आधी कायमची बदलली, मग छपाई लावली. यंत्र खडखडू लागलं.

"आतोबा, चूक माझी होती," मी म्हणाले.

"डब्यांची माझी होती," ते म्हणाले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर एकदाचा खिशात ठेवला.

दहा पंचवीसला बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तेरा प्रती बांधून झाल्या होत्या. चौदावी आत्याच्या हातात होती. ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला, पण तिने घाई केली नाही. तिचं बोट ओळीओळीने खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"सातवा आहे," ती म्हणाली आणि प्रत त्याच्या हातात दिली.