बांडगूळ म्हणाल तर खबरदार!

मी बोलतोय, आंब्याच्या खोडावरनं. हो हो, तेच काळं, चुरगळलेलं, ज्याला तुम्ही घाण म्हणता! मला तुमच्या बोलण्यात धड नावसुद्धा नाही. मसाल्यातल्या दगडफुलाला नाव आहे, मान आहे. मी त्याचाच भाऊबंद, पण चटणीत माझा उपयोग नाही. मग मी कोण? तर रोग!

आधी माझं घराणं ऐकून घ्या. मी एकटा नाही, दोघांचा संसार आहे. एक बुरशी आणि एक निळसर-हिरवं शेवाळ. शेवाळ उन्हावर अन्न करतं, बुरशी त्याला आसरा देते. दगडफुलात शेवाळाचा थर वेगळा असतो, माझ्यात सगळं एकमेकांत कालवलेलं. पाऊस आला की मी पाणी पिऊन फुगतो, गिळगिळीत आणि गडद हिरवा होतो. ऊन लागलं की वाळून कागद. महिनोन्‌महिने वाळून पडलो तरी मरत नाही.

आणि मुळं मला नाहीत. ऐकलंत का? मुळं नाहीत! सालीला नुसता चिकटून बसतो, झाडाच्या रसाचा थेंबही घेत नाही. उलट ज्या नत्रासाठी तुम्ही शेणखताच्या गाड्या ओढता, तो माझं शेवाळ हवेतनं धरतं. पावसाच्या ओघळाबरोबर त्यातला थोडा बुंध्याशी उतरतो. एवढं करून वर शिव्या खातो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला दादासो पाटलांचा मळा. ऊस, गुऱ्हाळ आणि विहिरीजवळ हा आंबा. त्याचं रोप दादासोंच्या बायकोनं, चंदनावहिनीनं, लग्नाच्या साली गडहिंग्लजहून आणलेलं, माहेरच्या परड्यातलं. पुढं ते माहेर राहिलं नाही. आईवडील गेले, घर विकलं. राहिला तो हा आंबा. पहिला पाड लागला की ती फळ आधी कपाळाला लावायची, मग खायची. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सालच्या पावसाळ्यात शेजारच्या जांभळावरनं माझ्या आईच्या अंगाचा एक कण सुटला आणि या खोडावर चिकटला. तो मी. आठ वर्षांत वाढलो किती, तर तळहाताएवढा. हावरटासारखं वाढणं आमच्यात नाही.

हावरट होता तो वर. अंगठ्याएवढ्या एका पाखरानं चिकट बी शेंड्याकडच्या फांदीला पुसली आणि तिथं बांडगूळ उगवलं. त्यानं फांदीत मुळं घुसवली आणि आयता रस ओढायला सुरुवात केली. पानं हिरवीगार, फुलं लांबट, फळं गोड. पाखरांची ही झुंबड!

गडी आकाराम एकदा म्हणालाही, “मालक, वर बांडगूळ धरलंया. कोयता घिऊन चढतो की.”

दादासो म्हणाले, “हात लावायचा न्हाय! पाखरांचं खाणं हाय ते. आपण जैनाची माणसं, कुणाच्या तोंडचा घास काढायचा व्हय?”

दादासो पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळावर पाय पडू नये म्हणून लांबनं वळसा घालतात. सगळं चांगलं. माझा आक्षेप त्याला नाही. पण मग माझ्यातलं शेवाळ काय मातीचं होतं?

आंब्याला तीन वर्षं मोहोर आला नाही. फांद्या वाळायला लागल्या. दादासो खोडापाशी आले, मला नखानं उकरलं आणि म्हणाले, “ह्यो बघा रोग. ह्येच बांडगूळ झाड खातंय.” मी! बांडगूळ! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच की! “माघापतोर मोहोर न्हाय आला, तर झाड तोडायचं आन गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालायचं.”

चंदनावहिनीचा चेहरा पडला. “अवो, आसं काय बोलता? माझ्या माहेरचं येवढंच ऱ्हायलंय. मी काढते की ही घाण.”

दिवाळी झाल्यावर ती खुरपं घेऊन आली आणि तीन दिवस खोड खरवडलं. माझी अख्खी भावकी भुईवर पडली. जखमेवर मीठ म्हणून वर चुन्याचा हात दिला. मी वर एका ढोलीच्या काठाला होतो, उंच दादासोंचा हात पोचला तिथं तिचा पोचला नाही, म्हणून वाचलो. ती रोज सकाळी यायची, पांढऱ्या खोडावरनं हात फिरवायची आणि म्हणायची, “आता धर बाबा मोहोर.” मी तळतळून ओरडत होतो, अगं, वर बघ! वर! पण मला तोंड कुठाय?

माघ संपला. मोहोर आला नाही.

फाल्गुनात आकारामानं कुऱ्हाड चालवली. झाड आडवं झालं आणि शेंडा सगळ्यांच्या पायाशी आला. बांडगुळाच्या जागी फांदीला ही एवढी गाठ. आकारामानं ती फोडली, तर मुळं थेट लाकडात शिरलेली. “मालक, दुखणं ह्ये व्हतं,” तो हळूच म्हणाला.

चंदनावहिनीनं नवऱ्याकडं बघितलं. “सांगा की आता. झाड खाल्लं कुणी?”

दादासोंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “दोघांनी मिळून खाल्लं,” म्हणाले.

दोघांनी! डोळ्यांदेखत मुळं उघडी पडली तरी माझं नाव सुटेना!

चंदनावहिनी खाली वाकली. मग फांदीच्या गाठीवर हात ठेवून म्हणाली, “मग तिघांनी म्हणा. चार महिनं मी खालीच चुना फासत बसले, आन एकदाबी मान वर केली न्हाय.” माझा तिच्यावरचा राग तिथंच उतरला. दादासोंवरचा अजून आहे आणि राहणार.

आता मी चुलवाणाशेजारच्या ढिगात आहे. माझ्या आधी दोन ओंडके आहेत. ते सरले की माझा नंबर. जळायचं तर जळेन, त्याचं एवढं काही नाही. पण दादासो, चुलवाणात घालण्याआधी एकदा ओंजळभर पाणी टाका माझ्यावर. मी हिरवा होईन. मग माझ्याकडं बघून तेवढं एकदा म्हणा, की ह्यानं काही केलं नव्हतं.