उसना जीव

आजारी भावाला भेटायला बहीण येते तेव्हा हातात संत्री असतात, फार तर बिस्किटांचा पुडा. रिना चिमूरहून आली ती पिशवीत व्हिडिओ गेम घेऊन. तोही नवा नाही. दोघं शाळेत असताना बापाने चंद्रपूरहून आणून दिलेला, आता पिवळा पडलेला, दोन रिमोटचा. लग्नानंतर ते डबडं तिने सासरी कशासाठी नेलं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक. आईने, सत्यशीलाबाईंनी, कपाळाला हात लावला.

“भाऊ लकव्यानं पडला हाये, आन तू त्याले खेळवाले आली का वो?”

“हो,” रिना म्हणाली. “डॉक्टरनं बोटं चालवाले सांगतलं ना? मंग?”

राजदीप ब्रह्मपुरी-वडसा रस्त्यावर जीप चालवायचा. दहाजणांच्या जागेत पंधराजण बसवून वर गाणं म्हणणारा माणूस. मागच्या उन्हाळ्यात उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात मात्र अर्धामुर्धाच आला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने डाव्या हाताने कौलांवर भिरकावून दिला. आईने भात कालवून दिला की ताट सरकवायचा. शर्टाची बटणं लावायला कोणी हात पुढे केला की झिडकारायचा. आता आईपुढे कसली आली लाज! पण स्वभावच तसा. लहानपणी तापाने फणफणला तरी पाणी मागायचा नाही, भिंत धरत स्वतः माठापर्यंत जायचा.

सत्यशीलाबाईंना त्याच्या रागाचं काही वाटत नव्हतं. भीती वाटायची ती त्याच्या गप्प बसण्याची. एकदा भिंतीकडे बघत तो म्हणाला, “माझा का उपेग हाये आता?” त्याच दिवशी धानावर फवारायच्या औषधाचा डबा पदराखाली झाकून त्यांनी शेजारच्या मुखरूभाऊंच्या घरी नेऊन ठेवला. मुखरूभाऊंनी कशाला, काय, काही विचारलं नाही. “माझा बी कान राहीन बाई,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून बाई अंगणात असल्या तरी जीव घरात टांगलेला असायचा.

नव्या टीव्हीला गेमची वायर बसेना, म्हणून मागच्या खोलीतला जुना डबा टीव्ही पुढे आला. त्याच्यावरची लाखोळीच्या डाळीची बरणी बाईंनी नाइलाजाने उचलली. रिनाने कॅसेट खोचली. पडद्यावर नुसते पट्टे. काढली, परत खोचली. पुन्हा पट्टे. राजदीप तोंड फिरवून बसला होता, पण ज्याने लहानपणी त्या यंत्राची सगळी नाटकं सोसली आहेत, त्याला ते बघवणार कसं?

“फुक मार ना त्यात,” तो शेवटी म्हणाला.

“तूच मार.” तिने कॅसेट त्याच्या तोंडापुढे धरली.

तोंड एका बाजूला वाकडं, फुंकर गेली भलतीकडेच. रिना हसली नाही, कॅसेट जरा सरकवून धरली. दुसऱ्या फुंकरीला पडदा लागला. दोन शिपाई जंगलातून पळत सुटले. त्या जंगलात ना साग होता ना मोह, पण शत्रू झाडाझाडामागे होते.

डाव्या अंगठ्याने शिपाई पळवायचा आणि उजव्याने गोळी मारायची, असा तो खेळ. राजदीपचा शिपाई पळायचा झकास, पण गोळी सुटायची नाही. मग रिना त्याच्या वाटची माणसंही टिपायची आणि स्वतः मरायची. तरी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तोच म्हणाला, “लाव ना ताई.” सत्यशीलाबाईंनी हे ऐकलं आणि भांडी घासता घासता त्यांचे डोळे भरून आले. खेळ तर खेळ, पण पोरगा काहीतरी लाव म्हणाला.

असे काही दिवस गेले. पडद्यावर ऊन येतं म्हणून दोघं दार लोटून बसायची. त्या दुपारी बाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. आतून राजदीपचा आवाज चढला.

“घे, ताई! माझा जीव घे!”

सूप थांबलं.

“खरंच घेऊ?” रिनाचा आवाज.

“घे म्हणतो ना! मी ठेवून का करू? मले नाई पायजे!”

“तुझा हा शेवटचा हाये, सांगून राह्यली!”

“मंग घेऊन टाक ना लवकर!”

तांदूळ सांडले, सूप घरंगळलं. “मुखरूभाऊ वो! धावा! माह्या पोरानं जीव देल्ला!” बाई अशा ओरडल्या की पिंपळावरचे कावळे उडाले. मुखरूभाऊ धोतर सावरत आले ते हातात विळा घेऊन. दोघांनी मिळून दाराला धक्का मारला. दाराला कडी नव्हतीच. दोघंही थेट खोलीच्या मध्यावर येऊन पडले.

पडद्यावर एक शिपाई एकटाच उभा होता. रिनाच्या हातात रिमोट, राजदीपच्या हातात रिमोट. दोघं आ वासून बघत होती.

“आई, गेममधला जीव वो!” रिनाला हसू आवरेना. “माझे सरले होते, यानं एकेक करून आपले सारे देल्ले!”

बाईंना हात देऊन मुखरूभाऊ धूळ झटकत उठले. मग त्यांनाही हसू फुटलं. हसला नाही तो राजदीप. तो विळ्याकडे बघत होता.

“मुखरूभाऊ, ईळा कायले आणला?”

मुखरूभाऊंनी विळा पाठीमागे नेला. आता साध्या माणसाला खोटं वेळेवर सुचतं थोडंच? “दोरी... कापाले,” ते म्हणाले आणि जमिनीकडे बघू लागले.

रिनाचं हसणं विरलं. राजदीप आईकडे वळला.

“औषधाचा डबा बी तूच हलवला का?”

सत्यशीलाबाई हो म्हणणार होत्या. पण हो म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं, की हा डबा जागेवर नाही हे याला कळलं कसं? तो डबा कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे असायचा. तिथे कोणी सहज जात नाही. म्हणजे हा गेला होता. शोधून आला होता. त्या तिथेच, दोघांच्या मधे, मटकन खाली बसल्या.

राजदीपने मान खाली घातली. त्यालाही कळलं होतं, की आईला कळलं.

मुखरूभाऊ बाहेर गेले आणि सांडलेले तांदूळ गोळा करू लागले. बाई पदराने तोंड पुसत टीव्हीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती जीव रायते याच्यात?”

“तीन,” रिना म्हणाली.

“आन सरले तं?”

“तं जोडीदाराच्या वाट्यातला घेता येते. बटन दाबलं की झालं. पण हा घेत नाई, आई. लहानपणापासून. सारे मले देऊन टाकीन आन सोता मरून बसून राहीन.”

“काऊन गा?” बाईंनी पोराचा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्याने ओढून घेतला नाही. “द्यावाले लाज वाटत नाई, घ्यावाले काऊन वाटते? आमच्यापाशी हाये ना. आम्ही का नाई म्हणतो?”

राजदीपचं वाकडं तोंड थरथरलं. रिनाने घाई केली नाही, शिपाई तसाच उभा ठेवला.

“ताई,” तो म्हणाला. घोगऱ्या, लहान आवाजात. “एक जीव दे ना मले.”

“घे.”

त्याने उजवा अंगठा बटणावर नेला. घसरला. परत नेला, पुन्हा घसरला. आईने खालून हाताला आधार दिला, तोही त्याने राहू दिला. बटण दबलं. पडद्यावर दुसरा शिपाई टुणकन उभा राहिला.

“अजून घे,” सत्यशीलाबाई रडत म्हणाल्या. “दोन घे, बाप्पा.”