खांबाला आठ दिवस

मंजुश्री चौदा महिन्यांनी देऊळघाटला येणार होती. तिच्या बापानं, इंद्रभाननं, तिची गादी दोनदा उन्हात घातली होती. बायको गेल्यापासून त्या घरात बोलणारा एक रेडिओच होता.

सकाळी लेकीचा फोन आला. समुद्रावरच्या पुलासाठी पोलादी खांब ठोकून पाहायच्या कामावर ती इंजिनिअर होती.

"बाबा, खांब थांबतच नाही. काल ठोकला, आज दहा घाव घातले, तं आणखी वीतभर खाली गेला. आता वरून तुकडा जोडून ठोकतो. ते झालं की निघालीच मी."

"खाली काय आहे?"

"चिकण माती. लोण्यावानी."

इंद्रभानला जुनं काम आठवलं. तीस वर्षांपूर्वी पूर्णा नदीच्या पुलावर तो मिस्त्री होता. तिथंही लोखंडी नळ्या अशाच खाली जात होत्या. मग ठोकायचं यंत्र बिघडलं, आठ दिवस काम बंद पडलं. नवव्या दिवशी तीच नळी जागची हलेना. घावांनी ढवळलेल्या मातीनं निवांत होऊन तिला धरलं होतं. त्यानं ते वहीत लिहून ठेवलं, साहेबांना सांगायचा मात्र धीर झाला नाही.

आताही सांगायलाच हवं असं कुठं होतं? समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता. आणि सांगितलं तर लेकीची सुट्टी जाणार होती; खांब मार्गी लागेपर्यंत तिला तिथून हलता येणार नव्हतं.

"चूप काऊन बसले, बाबा?"

"माहं चुकत बी असन, पोरी. पण त्याले आठ दिवस हात नको लावू."

"आठ दिवस? अन् माही सुट्टी?"

"हाव. तेच तं."

"साहेब हसतीन मले."

"हसू दे. मले तं इथं हसायले बी कोणी नाही."

साहेब हसले, पण थांबले. इंद्रभान रोज जुनी वही उघडायचा, आकडे पाहायचा आणि मिटायचा. कुठं ती नळी, कुठं हा खांब! उगाच तोंड उघडलं, असं त्याला वाटत राही.

नवव्या दिवशी मंजुश्रीनं फोन चालूच ठेवला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग घाव. इंद्रभाननं बोटांवर दहा मोजले.

"किती गेला वं?"

"पेरभर बी नाही, बाबा! साहेब इचारून राह्यले, तुमचे वडील कोण म्हणून."

"मंग आता येतं ना?"



"अजून चार खांब आहेत, बाबा. साहेबांनी आता हरेकाले आठ दिवस ठरवून देले."

"बरोबर केलं," इंद्रभान म्हणाला, आणि ते खरंच बरोबर होतं. "घाई नको करू."

त्यानं वहीत पूर्णेच्या ओळीखाली आजचा आकडा लिहिला. मग अंगणात गेला. गादी सकाळपासून उन्हात होती. ती त्यानं घडी करून आत नेली.