मधल्या सुट्टीतली सतरंजी

मित्रांनो, तुमचे आईवडील पाठीला दप्तर अडकवून शाळेत जात होते, तेव्हापासून मी पोरांच्या बुडाखाली आहे. मी एक जुनी सतरंजी.

सोलापूरकडच्या एका मागावर मी विणले गेले. बारामतीच्या सरकारी हायस्कुलात आले तेव्हा माझे लाल-निळे पट्टे असे खुलत होते, की मला फक्त पाहुण्यांसाठी अंथरत. मी जरा हुरळूनच गेले होते. पुढे पट्टे विटले आणि माझी रवानगी मधल्या सुट्टीत झाली. खरं सांगू? माझं आयुष्य तिथूनच सुरू झालं.

ही शाळा कोणाकोणाची आहे, हे मला हजेरीपटापेक्षा जास्त कळतं, कारण डबे माझ्यावर उघडतात. सुप्याहून एसटीने येणाऱ्यांची बाजरीची भाकरी, कोऱ्हाळ्याच्या ऊसवाल्यांच्या पोरांकडचा ताजा गूळ, एमआयडीसीत कामाला आलेल्या परप्रांतीय घरांतले पराठे, गावातल्या डॉक्टर-वकिलांकडचं सँडविच. जरा वेळाने कोणाचा डबा कोणापुढे आहे ते देवालाही सांगता येणार नाही. डॉक्टरांचा विराज कोऱ्हाळ्याच्या ऋषिराजचा ठेचा खातो, नाकाडोळ्यांतून पाणी काढतो आणि पुन्हा हात पुढे करतो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर याच दोघांनी घात केला. विराजला मी लिंबाच्या सावलीत हवी होते, ऋषिराजला नळाजवळ. दोघांनी दोन टोकं धरून हिसका दिला आणि मी मधोमध टरकन फाटले.

दोघांचं बोलणं बंद झालं. गावातली मुलं वर्गात डबा खाऊ लागली, एसटीची मुलं व्हरांड्यात. मुख्याध्यापिका विनयाबाई म्हणाल्या, "आता बाकंच मागवू. ही रंगाऱ्यांना द्या, रंगाच्या डब्यांखाली टाकायला." ते मला फाटण्यापेक्षा जास्त लागलं. मी रंगाचे ओघळ झेलत मरायचं, आणि पोरं अशी वेगवेगळीच जेवायची?

तेव्हा स्वरूपा पुढे झाली. ऋषिराजची चुलत बहीण, त्यांच्याच वर्गातली.

"बाई, माझी आज्जी वाकळा शिवती. हिला घरी न्हेऊ का? पर ह्या दोघांनीच उचलायची."

शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं मला खांद्यावर घेऊन, तोंडं दोन दिशांना करून एसटीत चढले. कंडक्टर म्हणाले, "हिला काय खिडकीजवळची जागा पायजे व्हय?" विराज फस्सकन हसला. ऋषिराजने हसू दाबलं, पण त्याचा खांदा हलला ते मला कळलं.

स्वरूपाच्या आजींनी, प्रयागबाईंनी, मला अंगणात पसरलं, फाटल्या जागी जुन्या गणवेशाचा निळा तुकडा ठेवला आणि दोघांना दोन टोकांना बसवलं. सुई चालू झाली. एकाने जरा ओढलं, की दुसराही ओढायचा. शेवटी आजी कावल्या.

"आरं, वडू नका. ढिली बी सोडू नका. निस्ती धरा की!"

मग त्यांनी मला नुसतं धरलं. सबंध दुपार. आधी एखादा शब्द, मग क्रिकेटवरून कडाक्याचं भांडण. ते भांडण ऐकून मला फार बरं वाटलं.

बाकं आली, पण मला शिवलेली पाहून विनयाबाईंनी ती प्रयोगशाळेत पाठवली. मी रोज अंथरली जाते, आणि ठिगळ मऊ आहे म्हणून त्यावर बसायला झुंबड उडते. मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण असेल. तिला अधूनमधून ऊन दाखवा, रस्सा सांडला तर लगेच पुसा. आणि अंथरताना समोरचं टोक कोणी धरलंय तिकडे एकदा बघा. आमच्याकडे घंटा झाली की विराज अजूनही ओरडतो, "ऋष्या, धर!"

आणि ऋषिराज धरतो.