करडी दमली नव्हती

मी शर्यतीतून निवृत्त झालेला एक जुना तांबडा घोडा आहे, मित्रांनो. आता मुलांना पाठीवर घेऊन मैदानात फिरवतो. मुलांचे आईवडील तबेल्याबाहेरची माझी पाटी मोठ्याने वाचतात, ‘मोठ्या शर्यतीचा विजेता. सहज जिंकला.’ ते ऐकले की मी तोंड भिंतीकडे फिरवतो.

माझ्या शेजारी करडी नावाची घोडी असे. सरावात तिने मला कधी पुढे जाऊ दिले नाही. आमचा मोतद्दार खरारा करताना मला म्हणायचा, “तांबड्या, हिच्या शेपटीवर नजर ठेव, म्हणजे दुसरा तरी येशील.”

मोठ्या शर्यतीतही तेच चालले होते. शेवटच्या वळणावर करडीच्या पुढचा स्वार खाली पडला. तिने सगळे अंग बाजूला झोकले. कठड्यावर आदळली, पण त्याला खूर लागू दिला नाही. तिने सोडलेल्या वाटेने मी सुसाट निघालो आणि जिंकलो.

नोंद करणारे गृहस्थ लांब सज्जात बसले होते. वळणावर धुरळा होता. त्यांनी दिसले तेवढे लिहिले. स्वार पडल्याचे लिहिले, ‘करडी दमली, सहावी’ असेही लिहिले. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कागदावर आलेच नाही.

काही दिवसांनी तो स्वार हात गळ्यात बांधून आमच्या मालकांकडे आला.

“साहेब, ती दमली नव्हती. मी तिच्या पायाखाली होतो. तिने मला चुकवलं, म्हणून तुमच्यासमोर उभा आहे. तेवढं लिहायला सांगा.”

मालक माझी मान थोपटत होते. म्हणाले, “पटतंय रे मला. पण निकाल छापून झाला. आता याला गिऱ्हाईक चांगलं येतंय, कशाला उकरून काढायचं?”

करडीला मात्र गिऱ्हाईक येईना. येणारा आधी नोंद वाचायचा आणि तिच्याकडे न बघताच पुढे जायचा. शेवटी तिला वाळूच्या गाडीला विकले. तिला नेले तेव्हा माझ्या कपाळावर विजेत्याची रेशमी फीत होती. मला तिच्याकडे मान वर करून बघवले नाही.

पुढे मोतद्दाराने सांगितले, की तो स्वार तिला शोधत गेला आणि आता तीच गाडी हाकतो. चढ आला की उतरून तिची गाडी मागून ढकलतो म्हणे.

मित्रांनो, निकालात कोण कितवा आला ते खरेच असते. पण तो तसा का आला, हे तिथे असलेल्या कोणाला तरी विचारत जा. आणि माझी पाटी वाचलीत, तर शेजारच्या रिकाम्या जागेत कोण होते, तेही विचारा.